खालच्या कोपऱ्यातलं नाव

“आजीला एवढ्या उंच टांगायचं नाही,” प्रज्ञा म्हणाली.

“मग काय जमिनीवर ठेवायची का?” तिचे वडील, सुनीलराव, माझ्या काउंटरवर हात आपटून ओरडले.

काउंटर काचेचं आहे. मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. मग त्यांनी हात उचलला.

तळेगाव ढमढेरेत माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. आधी मी ब्रश घेऊन भिंती रंगवायचो, म्हणून गाव अजून मला पेंटरच म्हणतं. मशीन घेतलं ते स्वतःच्या हिमतीवर. वाढदिवस असो की मयत, माणूस पहिला माझ्याकडे येतो आणि भाव पाडायला लागतो. मग मी चिडतो. मग भाव ठरतो. धंदा असाच चालतो.

त्या दिवशीचा फ्लेक्स हौसाबाईंचा होता. सुनीलरावांची आई, प्रज्ञाची आजी. दुसऱ्या दिवशी सकाळी जलदान विधी, म्हणजे बौद्ध पद्धतीचा मयतानंतरचा विधी होता. सुनीलराव दौंडला रेल्वेत आहेत. येताना मोबाईलमध्ये मॅटर घेऊन आले होते. मॅटर म्हणजे फ्लेक्सवर छापायचा मजकूर. वर आईचा फोटो, बाजूला दोन पुढारी, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून भावकीतल्या झाडून सगळ्यांची नावं.

“ही नावं मुंगीएवढी येतील,” मी म्हणालो.

“येऊ द्या. एक जरी सुटलं तरी तो जेवायला येणार न्हाई, पेंटर. वर जन्मभर टोमणे मारील.”

हे खरं आहे. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवर जिवंत माणसाचं नाव राहिलं, तर रडारड त्याचीच जास्त होते.

“पण आजीच्या पोरांना ह्यातलं काय वाचता येणार?” प्रज्ञाचे डोळे भरले होते. “त्यांच्यासाठी कुणीच काही लावणार नाही का?”

आता ही पोरं कोण, ते सांगतो. प्रज्ञा दुसरीत असताना पुस्तक उघडलं की रडायची. हौसाबाई तिला शाळेत सोडायला गेल्या आणि तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या त्या बसल्याच. अक्षराखाली बोट धरायच्या आणि म्हणायच्या, “मला ऐकव. मला घाई न्हाई.” प्रज्ञा वाचायला लागली, पुढच्या वर्गात गेली, पुढं कॉलेजात गेली. आजी सतरंजीवरच राहिल्या. शाळेनंच त्यांना वाचन मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. जे मूल अडखळेल, त्याच्याशेजारी आजी.

शाळा सुटली की त्या पोरांना चौकात आणायच्या आणि फ्लेक्स वाचायला लावायच्या. फुकटात एवढी मोठी अक्षरं दुसरीकडे कुठं मिळणार? त्यामुळं आमच्या गावच्या पोरांना ‘कमळ’ वाचायच्या आधी ‘कार्यसम्राट’ वाचता येतं. एकदा इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना एका पहिलीतल्या पोरानं “युवकांचे आशास्थान” म्हणून हाक मारली. साहेब खूश झाले.

ते सगळे फ्लेक्स माझे. माझी अक्षरं, माझी शाई. प्रत्येक फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात प्रिंटरचं नाव आणि मोबाईल नंबर असतो. आमची जाहिरात म्हणजे तेवढीच. पोरं वरून वाचत खाली यायची, आणि कोपरा आला की हौसाबाई त्यावर तळहात ठेवायच्या.

“हे न्हाई वाचायचं.”

मी दुकानातून हे बघायचो आणि जळायचो. एक दिवस जाऊन विचारलंच, “मावशी, माझ्या नावाचं काय वाकडं हाय?”

“वाकडं काय न्हाई. पण ती जाहिरात हाय. माझी पोरं फुकट जाहिरात करत न्हाईत.”

“मग?”

“तुझ्याकडं वाया गेलेले फ्लेक्स असतात, ते शाळंला दे. आम्ही भिंतीला लावू. मग तुझं नाव वाचू. नंबरासकट.”

छपाईत बिघडलेला फ्लेक्स वाया जात नाही. कांदा झाकायला शेतकरी तो विकत नेतात. “फुकट जमणार नाही,” मी म्हणालो.

“मग मला बी जमणार न्हाई,” म्हणाल्या.

मी भाव कमी केला. त्या हलल्या नाहीत. निम्म्यावर आलो, तरी नाही. सणसवाडीच्या कंपन्यांचे परचेसवाले मी रडवलेत, पण ही बाई “चला रे पोरांनो” म्हणून चालायला लागली. त्यानंतर कित्येक वर्षं रोज संध्याकाळी, माझ्या दुकानासमोर, माझ्या नावावर तळहात.

म्हणून त्या दिवशी प्रज्ञा रडायला लागली, तेव्हा मला वाईट वाटलं. पण संधीही दिसली.

“असं करू,” मी म्हणालो. “फ्लेक्स दोन. वरचा भावकीचा, पुढाऱ्यांसकट. खालचा पोरांचा, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. मोठी अक्षरं, मोजके शब्द.”

“दोनचे पैसे कोण देणार?” सुनीलराव पुन्हा काउंटरकडे हात नेऊ लागले.

“खालचा माझ्याकडून. फक्त उद्या सगळ्या पाहुण्यांसमोर पोरांनी तो मोठ्यानं वाचायचा. शेवटपर्यंत. कोपऱ्यातल्या नावासकट.”

प्रज्ञानं डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. “काका, आजीशी तुमचं हेच भांडण होतं ना?”

“ते सोड. मंजूर का?”

“मी पोरांना सांगेन,” ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी फुकट फ्लेक्स छापला. माझं नाव नेहमीपेक्षा जरा मोठंच टाकलं. जरा म्हणजे, बरंच.

सकाळी शाळेसमोर मांडव होता. बुद्धवंदना झाली, लोक बोलले. भावकीतला प्रत्येक जण मान वर करून स्वतःचं नाव शोधून खाली बसला. मग प्रज्ञानं पोरांना पुढं बोलावलं. सोनम नावाची चिमुरडी सगळ्यांत पुढं होती. बिहारहून आलेल्या वेल्डरची मुलगी. आजीकडेच वाचायला शिकली. तिनं अक्षराखाली बोट धरलं आणि सगळी पोरं एका सुरात वाचायला लागली.

“आजी रोज शाळेत आली. आजी आपल्याशेजारी बसली. आजीला घाई नव्हती. आजीने बोट धरले. आपण वाचले.”

सुनीलरावांनी रुमाल तोंडावर धरला. सोनमचं बोट खाली सरकत कोपऱ्याकडे आलं. मी शर्टची कॉलर नीट केली.

सोनमनं माझ्या नावावर तळहात ठेवला.

नाव मोठं होतं, हात पुरेना. शेजारच्या पोरानं त्याचाही हात ठेवला. तरी मोबाईल नंबर उरला, त्यावर तिसऱ्यानं.

मी जागेवरून उठलो. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. ओरडताही येईना. पुढं जाऊन हळूच म्हणालो, “अगं बाळा, ते पण वाचायचंय.”

“न्हाई वाचायचं,” सोनम मोठ्यानं म्हणाली. “पेंटर शाळंला फ्लेक्स देईल, तवा वाचायचं. आजी बोलली हाय.”

मांडव हसला. जलदान विधीला एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. सुनीलराव तर रुमालात हसत होते की रडत होते, ते त्यांनाच ठाऊक.

मी प्रज्ञाकडे वळलो. “ठरलं होतं आपलं!”

“मी सांगितलं होतं त्यांना, काका,” ती म्हणाली. “पण मी कालची. आजी रोजची.”

दुसऱ्या दिवशी मी वाया गेलेले सगळे फ्लेक्स टेम्पोत घालून शाळेत उतरवले. हमालीही माझीच. आता शाळेच्या व्हरांड्यात भिंतभर कार्यसम्राट आहेत. कुणाचे डोळे हिरवे छापलेत, कुणाचं डोकं कापलं गेलंय. पोरं त्यांच्यासमोर सतरंजीवर बसतात आणि वाचतात. कोपऱ्यातलं माझं नावसुद्धा, नंबरासकट. सोनमनं तर नंबर पाठ केलाय आणि वडिलांच्या मोबाईलवरून मला मिस कॉल देते.

धंद्यात नव्यानं पडणाऱ्यांना एवढंच सांगतो. घासाघीस करायची तर समोरचा माणूस जिवंत आहे तोवर उरकून घ्या. नंतर तो एक पैसाही खाली येत नाही.