झटका मोजणारा पट्टा

कबड्डीच्या संघात किस्से गोळा करावे लागत नाहीत, सरावानंतर चहाला बसलं की आपोआप निघतात. आमच्या बुधवारा वस्तीतल्या संघात हल्ली कुठलाही किस्सा त्या पट्ट्यापाशीच येतो, आणि मग पोरं कप ठेवून उठतात.

पट्टा कपाळाला बांधायचा, आत सेन्सर. डोक्याला किती 'जी'चा (झटका मोजायचं ते माप) झटका बसला ते आमच्या कोच सरांच्या मोबाइलवर दिसायचं, मोठा असला की आकडा लाल. कुणाचं डोकं जायबंदी होऊ नये म्हणून सरांनीच खटपट करून हे पट्टे मागवले होते.

*

पहिल्या दिवशी पट्ट्यांची पूजा झाली. हळद, कुंकू, फुलं. आमच्या गणेशने नारळ फोडला तो नेमका पट्टे मांडलेल्या पाटावरच! मोबाइल लालेलाल.

सर म्हणाले, "सीझनचा पहिला फाऊल गणेशचा."

*

संतोष आमचा हुकमी रेडर. देडतलाईहून मोटरसायकलवर यायचा. एकदा घरूनच पट्टा बांधून आला. आकडे बघून सर घाबरले.

"अरे, कुणी मारलं तुला?"

"कुणी नाही सर, आमच्या रोडनं."

*

मग पोरांना आकड्याची चटक लागली. पकड झाली की सगळे मोबाइलकडे पळायचे, "सर, कितना आया?" लाल आला की टाळ्या! सर ओरडायचे, पण ऐकतो कोण. सगळ्यात जास्त रेड संतोषच्या, त्यामुळे लाल आकडेही त्याचेच. तो हसायचा, "मेरा हाय स्कोर है भाई."

*

पुढे त्याचं डोकं दुखायला लागलं. एका सामन्यात रेडला गेला आणि आपली बाजू कुठली हेच विसरून मैदानात उभा राहिला. समोरच्यांनीसुद्धा त्याला धरलं नाही. डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला, आणि सरांनी त्याचा पट्टा काढून कपाटात ठेवला.

*

महिन्याभराने त्याची आई त्याला घेऊन संघाच्या खोलीवर आली. चक्कर येते म्हणून तो आता केळीच्या बागेतही एकटा जात नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

"सर," ती म्हणाली, "तो पट्टा कपाळाले व्हता, तवर माझा पोरगा चांगला व्हता. तुम्ही काढला अन् त्याले चक्कर सुरू झाली. पुन्हा बांधून द्या ना."

सर उठले, कपाटातून पट्टा काढला आणि चार्जिंगला लावला.