पडताळ्यातलं ‘बहुतेक’

माझ्या हातानं केलेल्या गोष्टी... शाळेत असताना एक रेडिओ. राइस मिलवाल्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर, जे बालाघाटात अजून चालू आहे. मुलीचा सागवानी पाळणा, एकही खिळा न ठोकता. आणि ‘पडताळा’.

कुठल्याही क्लासला गेलो नाही. जे आलं ते पुस्तक उघडून, चुका करून आलं... आणि हे सांगताना छाती थोडी फुगते, ते काही मी लपवत नाही.

पडताळा ही जावा भाषेतली छोटी लायब्ररी. प्रोग्राम तपासायला ज्या टेस्ट लिहितात, त्यात ‘ही दोन उत्तरं सारखी आहेत’ किंवा ‘सारखी नाहीत’ असं ठणकावून सांगावं लागतं. ते सांगायची सोय म्हणजे पडताळा. माझा हट्ट एवढाच की तुलनाच चुकीच्या दोन गोष्टींची असेल, तर ती टेस्ट चालवण्याआधी, कंपाइल करतानाच, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरतानाच अडली पाहिजे.

सुजाता, म्हणजे आमची सुजू, पुण्यात टेस्टिंगचं काम करते. ऑफिसात पडताळाच वापरते, “बाबांनी बनवला” म्हणून सांगते. घरी येते तेव्हा बॅग पूर्ण उघडायच्या आत गोंदियाहून गाडी पकडायची वेळ होते...

तर मध्यंतरी पुण्याच्याच एका दुसऱ्या कंपनीनं पडताळा घ्यायचं ठरवलं. माझ्यासकट. सुजूची आई तर त्याच दिवशी पुण्याला न्यायची चिन्नोर तांदळाची गोणी शिवायला बसली.

रविवारी दुपारी सुजूचा फोन आला. “बाबा, रागावू नका हं. तुमच्या पडताळ्यात गडबड आहे. टेस्ट झूठमूठची हिरवी होऊन राह्यली.”

“काहून? दाखव बरं.”

तिनं फोनवरच स्क्रीन दाखवली. नव्या ऑर्डरचा नंबर जुन्या ऑर्डरसारखा नाही, एवढंच तिला तपासायचं होतं. पण एका बाजूला नंबर आकडा म्हणून आला होता, दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून. जावाच्या लेखी आकडा आणि मजकूर कधीच सारखे नसतात... त्यामुळे टेस्ट कायम हिरवी, म्हणजे पास. तिकडे प्रोग्राम जुनाच नंबर पुन्हा देत होता आणि माझा पडताळा ‘सगळं छान’ म्हणत होता.

मी जनरिक्स, म्हणजे टाइपांचे नियम बांधून द्यायची जावाची सोय, वापरून लिहिलं होतं की दोन्ही बाजू एकाच टाइपच्या, एकाच प्रकारच्या हव्यात. कंपाइलरनं ते पाळलं, पण आपल्या पद्धतीनं. त्याच्यासमोर चिन्नोर आणि दुसरं कुठलं धान ठेवलं, तर तो म्हणतो दोन्ही धानच. धान आणि मोहफूल ठेवलं, तर म्हणतो दोन्ही मालच. वर वर चढत गेलं की दोघांना पुरेल असं एखादं नाव त्याला सापडतंच... जावात तर सगळ्यांच्या डोक्यावर ‘ऑब्जेक्ट’ बसलेला आहे. त्यात काहीही मावतं.

मग मी पहिल्या बाजूचा टाइप पक्का धरला, दुसरीनं त्यातच बसलं पाहिजे असं केलं. सुजूची चूक अडली. पण एका बाजूला ठरावीक प्रकारची यादी आणि दुसऱ्या बाजूला नुसती यादी, अशा अगदी योग्य तुलनाही अडायला लागल्या. सैल सोडलं की चूक आत येते, आवळलं की खरं बाहेर राहतं. मधली जागा दाखवायला या जनरिक्सकडे शब्दच नाही. मी सगळं उलटसुलट करून पाहिलं... नाही म्हणजे नाही.

पुण्याच्या त्या नव्या कंपनीला पडताळ्याच्या माहितीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक वाक्य हवं होतं. ‘चुकीची तुलना कंपाइलच होणार नाही.’ खाली माझं नाव. सोमवारी मी त्यांना फोन करून सुजूनं दाखवलेलं सगळं सांगितलं आणि म्हणालो, वाक्यात ‘बहुतेक’ घाला.

पलीकडचा मुलगा हसला. “सर, ‘बहुतेक’ कोण विकत घेतं?” माणूस वाईट नव्हता. म्हणाला, सध्या वाक्य असंच राहू द्या, पुढचं पुढे पाहू.

संध्याकाळी सुजूला हे सांगितलं.

“मी कोणालेच नाही सांगत बाबा. सच्ची. तुम्ही फक्त या इकडं.” मग म्हणाली, “आईले म्हणा, तांदूळ नको आणू. इथं मिळते.” मागे कुकरची शिट्टी झाली. लहान कुकर, एकट्या माणसाचा... आवाजावरून कळतं.

तिला माझी चूक लपवायची नव्हती हो. तिला मी तिथं हवा होतो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला नाही म्हणून कळवलं. सुजूच्या आईनं गोणीची शिवण उसवली. “एका शब्दापायी? हौ... तुम्ही अन् तुमचा शब्द.” एवढं म्हणून ती आत गेली.

पडताळ्याच्या पहिल्या पानावर आता लिहिलं आहे, ‘चुकीची तुलना बहुतेक वेळा अडते. केव्हा अडत नाही, तेही खाली दिलं आहे.’ आणि त्याखाली, ‘ही उणीव सुजातानं शोधली.’ हे लिहिताना अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग माळ्यावर जाऊन पाळण्याचे सांधे हलवून पाहिले. एकही हलला नाही.

मी नाकारलेली ऑफर अशी होती... कायमची नोकरी, ऑफिस सुजूच्या खोलीपासून पायी जाण्याइतकं जवळ, आणि वर्षाला चौदा लाख रुपये.