वरच्या घरचा फेस

धुळ्यात आमचं घर गल्लीच्या उताराला, अगदी शेवटचं. सगळ्यात वर अक्कांचं. त्यांच्या दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी, आणि माझ्या दारात तुंबलेलं गटार. नव्वद साल जवळ आलं होतं. अक्कांच्या नाशिकच्या मुलानं त्यांना कपडे धुवायचं मशीन पाठवलं आणि मी जळून कोळसा झाले. इथं मी दगडावर चादरी आपटतेय, आणि त्या मशीनचा फेस ऐटीत उतरून माझ्या पायरीपाशी वर यायचा, कारण जमिनीखालचा जुना पाइप नेमका तिथंच फुटला होता. फेस दिसला की मी म्हणायची, बसल्या बाईसाहेब आरामात.

मग नगरपालिकेनं पाणीपट्टीबरोबर गटारपट्टी घ्यायचं ठरवलं. घरटी सारखीच. ज्या गल्लीतली सगळी घरं सही देतील, तिथला पाइप आधी बदलणार. संमतीचा कागद वरून निघाला, सह्या गोळा करत माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच राहिला.

"मशीनवालीनं दुप्पट भरावी," मी नवऱ्याला सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"अगं, पाइप आपल्या दारात फुटलाय!"

ते का मला दिसत नव्हतं? पण आपलं नाक कापून तिला अपशकुन करायची माझी पुरती तयारी होती. उन्हाळा गेला. मागच्या गल्लीत नवे पाइप पडले. आमच्याकडे माश्या घोंगावायला लागल्या, धाकटीला दोनदा जुलाब झाले, तरी कागद गव्हाच्या डब्याखालीच.

एका सकाळी अक्का स्वतः आल्या. मी भांडायला पदर खोचला, तर त्या उंबऱ्याशीच टेकल्या. म्हणाल्या, "मशीन बंद करी दिधी, माय. आठ दिन हुई गयात. आते तरी सही करी दे. तुनी पोर आजारी पडस."

खरंच, आठ दिवस फेस आला नव्हता. मशीन बिघडलं असं समजून मी मनातल्या मनात खूशही झाले होते. मी चहा पुढे केला. त्यांनी कपबशी डाव्या हातानं घेतली. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"हाताला काय झालं, अक्का?"

"पिळता येत नही. दोन वरीस हुई गयात. म्हनीसन ते पोऱ्यानी मशीन धाडी."

मी डबा सरकवला, कागद काढला आणि त्यांच्यासमोरच सही केली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण लाजेच्याही आधी मनात आलं ते हे, की आईचा हात चालत नाही हे हिच्या मुलाला नाशकात बसून कळतं. मला त्याचाही हेवा वाटला.