गोष्ट नसलेला पिक्चर

रफूवालीला कापडातली खोट लांबून दिसे. कोटाची बाही उजेडाकडे धरली, की कुठला धागा थकलाय आणि कुठला उद्या दगा देणार हे तिला आधीच कळे. पण स्वतःच्या नवऱ्याकडे ती भर उजेडात कितीही वेळ पाहत बसली तरी तिला काही उमगत नव्हतं. त्या काळजीनं तिला अन्न गोड लागेनासं झालं होतं.

नवरा बसड्रायव्हर, आता निवृत्त. त्याचा थोरला भाऊ याच वयात विसरायला लागला होता. आधी किल्ल्या विसरला, मग घरची वाट, आणि शेवटी तर बायकोलाच म्हणाला, "बाई, आपण कुणाकडच्या?" ते ऐकणाऱ्यांत रफूवाली होती. तेव्हापासून नवरा नुसता चष्मा शोधायला लागला तरी ती सुई थांबवून त्याच्याकडे बघत राही.

त्यात हे पिक्चरचं खूळ. वाचनालयाच्या माडीवर रविवारी दुपारी कसलेसे पिक्चर दाखवत. त्यांत ना गाणं, ना मारामारी, ना कुणाचं लग्न. एकाला तर नावही नव्हतं, बसगाडीला असतो तसा नुसता आकडा होता. बघायला येणारी माणसं म्हणाल तर एका रिक्षात मावतील. हा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून जाई, आणि आला की खिडकीपाशी गप्प बसून राही. विचारलं तर म्हणे, "थांब जरा, आत चालूच आहे अजून."

शेवटी ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई समजूतदार. सकाळी काय खाल्लं, आज वार कोणता, सगळं त्यांनी गप्पा मारल्यासारखं विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं. रफूवालीनं श्वास सोडला.

"अलीकडे एखादा पिक्चर पाहिलात का?" बाईंनी विचारलं. "त्याची गोष्ट सांगा बघू, पहिल्यापासून."

"गोष्ट नव्हती."

"बरं, मग काय होतं?"

"बादली होती. नळाखाली. नळ ठिबकत होता."

"पुढे?"

"पुढे बराच वेळ बादलीच. मग दार. मग परत बादली. एक बाई दारातून निघून जाते. मग भिंत. भिंतीवरून ऊन सरकतं."

"आणि शेवटी?"

"शेवटी ती बाई परत येते," तो म्हणाला, आणि खुशीत हसला. "पण दिसत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून रफूवालीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काही तपासण्या करून घेऊ. पुढच्या आठवड्यात मुलीलाही सोबत आणा." मुलीला आणा म्हणजे काय, हे न कळण्याइतकी रफूवाली दूधखुळी नव्हती.

घरी येताना तिनं विचारलं, "अहो, खरं सांगा, असा पिक्चर असतो का कुठं?"

"असतो की. या रविवारी परत लावतायत. दोनदा."

"काय मिळतं तुम्हाला त्यात?"

त्यानं समोरून जाणाऱ्या बसकडे पाहिलं. मग म्हणाला, "जन्मभर बस हाकली. किती दारं, किती खिडक्या, दारात उभी माणसं, सगळं दिसायचं आणि जायचं. जरा थांबून बघावं, तर मागचा हॉर्न मारायचा. इथं कुणी हॉर्न मारत नाही."

"मी येते रविवारी."

"तू? घरचा नळ ठिबकला तर तुला झोप येत नाही. तिथं काय करशील?"

ती हसली नाही. तिला पिक्चर बघायचाच नव्हता, नवऱ्याची साक्ष तपासायची होती. पडद्यावर बादली निघाली नाही तर काय, एवढाच एक प्रश्न तिला रविवारपर्यंत कुरतडत राहिला. हातातलं काम दोनदा उसवावं लागलं.

माडीवरचे दिवे मालवले. पडदा उजळला. बादली! चेपलेल्या काठाची, साधी बादली. लेक पास झाली तेव्हाही तिला इतका आनंद झाला नव्हता. मग दार आलं. परत बादली आली. बाई दारातून निघून गेली. सगळं त्यानं सांगितलं त्याच क्रमानं. मग भिंत आली, आणि रफूवाली पडदा सोडून नवऱ्याकडेच पाहू लागली. तो पुढे झुकून बसला होता, समोर लांबवर मोकळा रस्ता असावा तसा.

आणि एकदम दिवे लागले.

बाई परत आली नव्हती.

जिन्यात तिनं त्याची बाही धरली. "ती कुठं आली हो परत?"

"आली की."

"नाही आली! डोळ्यांत तेल घालून बसले होते मी."

"डोळ्यांचं काय काम त्यात? ऐकू येते ती. भिंत दिसत असते ना, तेव्हा मागे चपला वाजतात. मग नळ बंद होतो. आपोआप होईल का?"

तिला नळ बंद झाल्याचं आठवेना. चपला तर नाहीच नाही. वाचनालयाचे ग्रंथपाल खाली दारातच उभे होते. त्यांना विचारलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण ते नाही म्हणाले तर? आणि नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे त्याच्यासमोर परक्याला कसं विचारायचं?

"परत बसू," ती म्हणाली.

या खेपेला भिंत आली तेव्हा तिनं डोळे मिटले. आधी तिला नुसती स्वतःच्या छातीची धडधड ऐकू आली. मग थेंब. एक पडे आणि दुसरा यायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात सगळं घर रिकामं व्हावं. लांब कुठंतरी सायकलची घंटी वाजली. एक कबुतर घुमलं. हे सगळं मघाशीही होतं? मागच्या रांगेत कुणी खोकलं, तेव्हा तिला वाटलं, उठून त्याचं तोंड दाबावं. तिनं श्वास रोखला. थेंब. थेंब. चपला नव्हत्या. नाहीतच.

आणि मग त्या आल्या. हलक्या, एक पाय जरासा ओढत चालणाऱ्या. नळ करकरला. पुढचा थेंब पडलाच नाही.

तिनं डोळे उघडले. समोर नुसती भिंत होती, आणि भिंतीवर उन्हाची शेवटची चिंधी.

"आली!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढची माणसं वळून बघायला लागली.

पुढच्या आठवड्याच्या तपासण्या काही टळणार नव्हत्या. त्यांत काय निघेल ते तिला माहीत नव्हतं. अंधारात तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"हळू बोल," तो कुजबुजला. "अजून संपला नाही."