ओंजळीची गळती

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीत ‘फिजिओथेरपिस्ट’ हा शब्द कुणाच्या तोंडात नीट बसत नसे. मी घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, आणि दार उघडणारा माणूस आत वळून ओरडायचा, “अगं, त्या मालिशवाल्या बाई आल्यात!” मी दारातच सांगायचे की मी मालिश करत नाही. मग त्याचा चेहरा पडायचा. “मग करता काय?” याचं लांबलचक उत्तर माझ्याकडे तयार असे, पण ते ऐकायला कुणी थांबत नसे.

सकाळी ठाण्यात माजिवड्याच्या एका नर्सिंग होममध्ये काम आणि दुपारनंतर डोंबिवलीतले पेशंट, असा माझा दिवस जाई. स्वभाव तेव्हाही तापटच होता. पेशंटला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने दिलं की माझं डोकं फिरायचं. आणि आपल्याकडे पेशंट एकटा कधी नसतोच. सासूचा गुडघा कुठे दुखतो ते सून दाखवते, तेही स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून.

गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून बोलावणं आलं. पेशंट होते पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर. जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. पाय बऱ्यापैकी परतला होता, काठी घेऊन ते घरात चालत. पण उजवा हात छातीशी मुडपलेला आणि मूठ घट्ट बंद.

“काका, शर्टाची बटणं लावता येतात का?” मी तपासणी सुरू केली.

“मी लावते ना,” काकू म्हणाल्या.

“जेवता कसे?”

“मी भरवते बाबांना,” त्यांची मुलगी म्हणाली. ही एकुलती एक.

“काय जमायला हवं असं वाटतं तुम्हाला?”

“आता काय, आराम करायचा,” दारातून आवाज आला. हे काकांचे मोठे भाऊ, टिटवाळ्याहून खास आलेले. “मी आहे ना सगळं बघायला.”

काका काहीतरी बोलायला तोंड उघडत आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचं वाक्य पुरं करून टाकी. माया तर इतकी की काकांना शिंकसुद्धा स्वतःची स्वतः काढता येत नसेल. मी काकूंना म्हटलं, मला आल्याचा चहा हवा. मुलीला दूध आणायला पिटाळलं. मोठ्या काकांना म्हटलं, माळ्यावर पाट असेल तर शोधून द्या, तपासणीला लागतो. पाट मला अजिबात नको होता, पण माळा भरलेला असणार याची खात्री होती.

खोली रिकामी झाल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला मुळीच जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं. काकांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“ओं... जळ,” ते म्हणाले. आणि डावा हात उजव्या मुठीखाली नेऊन दाखवला.

चहा घेऊन आलेल्या काकूंनी ते ऐकलं आणि कप टेबलावर ठेवून त्या तिथेच खाली बसल्या. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. काकांना पाटावर बसता येत नाही, हात पसरता येत नाही, म्हणून कन्यादान टिटवाळ्याचे दादा आणि वहिनी करणार असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. काकांना कुणी विचारलं नव्हतं. काकूंनाही नाही.

“कन्यादानात काकांना नक्की काय करायचं असतं?” मी विचारलं. माझं लग्न व्हायचं होतं, आणि दुसऱ्यांच्या लग्नांत माझं लक्ष अक्षता आणि जेवण एवढ्यावरच असे.

“हे ओंजळ धरतात, मी वरून पाण्याची धार धरते,” काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

मी घरून आखून आणलेलं सगळं बाजूला ठेवलं. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट असं पुस्तकात शिकलेलं होतं. आता मी उलट्या बाजूने निघाले. ओंजळीला काय काय लागतं? दोन्ही तळहात वर वळायला हवेत, बोटं उघडून एकमेकांना चिकटायला हवीत, पाटावर पाठ ताठ राहायला हवी. यातलं प्रत्येक काम झटका आलेल्या हाताला जड. मला मनातून धास्ती वाटत होती. नाही जमलं तर या माणसाला भर मांडवात खुर्चीवर बसून भावाला पाहावं लागणार होतं.

तेवढ्यात केसांना जळमटं लागलेले मोठे काका पाट घेऊन आले. आता तो खरंच लागणार होता.

पहिला नियम घरच्यांसाठी होता: काकांचं कुठलंही काम कुणी करायचं नाही. काकूंना तो फार जड गेला. काका एका बटणाशी झगडत बसले की त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत. दादा म्हणत, “अहो बाई, कशाला छळता त्याला?” मी म्हणे, “तुम्ही टिटवाळ्याला जा बघू.” वयाने एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलू नये, पण ते हसायचे आणि जायचे नाहीत.

हात सैल होऊन मूठ उघडायला लागली, तशी आम्ही ओंजळ भरायला घेतली. सुरुवात मुरमुऱ्यांनी. ते सहज राहिले, कारण फटी मोठ्या असल्या तरी मुरमुरे फुगीर. मग तूरडाळ. मग रवा. रवा अनामिका आणि करंगळीच्या मधून भुरूभुरू सांडला. काकांनी त्या फटीकडे असं पाहिलं की जणू रस्त्याखालची मोठी लाइन फुटली आहे.

“गळती!” ते म्हणाले. झटक्यानंतरचा तो त्यांचा पहिला न अडखळलेला शब्द होता. मला इतका आनंद झाला की मी सांडलेल्या रव्यातच मांडी घालून बसले.

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. गळती हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटत असे. पाण्यापर्यंत पोचलो तेव्हा ते मोरीत पाटावर बसत, काकू तांब्याने धार धरत आणि काका थेंबावर नजर ठेवून असत. थेंब पडला की पुन्हा. एकही थेंब पडता कामा नये हे आमचं दोघांचं ध्येय होतं. काकू पाणी घालत आणि कधीकधी पदर तोंडाला लावून हसत. मला वाटे, नवऱ्याचा हात परततोय म्हणून हसताहेत.

लग्नाच्या दिवशी काका पाटावर बसले. दादा सोवळं नेसून मागे उभेच, वेळ पडली तर असावं म्हणून. काकांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर वळले, बोटं जुळली. खाली मुलीच्या आणि जावयाच्या ओंजळी, त्याखाली काशाचं भांडं. काकूंनी धार सोडली.

थेंबही खाली गेला नाही. ओंजळ भरली. काठोकाठ भरली. माझी छाती अभिमानाने फुगली. आणि भटजी मंत्र थांबवून म्हणाले, “यजमान, बोटं सैल करा. पाणी खाली जायला हवं ना. मुलांच्या हातात पडू दे.”

मूठ उघडणं आम्ही शिकलो होतो, पण भरल्या ओंजळीतली बोटं हुकमासरशी विलग करणं कधीच केलं नव्हतं. ते सगळ्यात अवघड असतं. काकांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी काही करू शकत नव्हते. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. उजवी करंगळी थरथरली आणि हळूच बाजूला झाली. त्याच जुन्या फटीतून पाणी तिच्या ओंजळीत उतरलं. मागे उभे असलेले दादा सोवळ्याच्या टोकाने डोळे पुसत होते आणि मीही काही कमी रडत नव्हते.

पंगतीत काकू जिलबी वाढत माझ्यापर्यंत आल्या. मी विचारलं, “काकू, पाणी गळू द्यायचं असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” पानात आणखी एक जिलबी टाकत त्या म्हणाल्या. “पण तसं सांगितलं असतं, तर हे मुरमुऱ्यांवरच थांबले असते.”