एकाच टाचणीवरच्या दोन चिठ्ठ्या

रूथताई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने केला. "काका, मावशी सकाळीच गेली," ती म्हणाली, आणि मी उत्तरलो, "बरं." पाच आठवडे झाले, ते "बरं" अजून मला स्वस्थ बसू देत नाही... आणि त्याहून अधिक, त्याच्या चार दिवस आधी मी उच्चारलेले एक "हो".

रविवारची उपासना संपली की धरमपेठेतल्या आमच्या चर्चच्या व्हरांड्यात रूथताई बिस्किटांचा जुना डबा घेऊन बसत. त्या निवृत्त शिक्षिका. डब्यात पिवळ्या चिठ्ठ्यांवर शाळांच्या गरजा असत आणि पांढऱ्यांवर माणसांचे गुण. नियम एकच : स्वतःचा गुण स्वतः लिहायचा नाही, तो दुसऱ्याने लिहायचा. "आपण लिहिलं का फुशारकी होते, नाही लिहिलं का आळस," त्या म्हणत. जोडी जुळली की दोन्ही चिठ्ठ्यांना एक टाचणी लागे. माणूस खरोखर शाळेत जाऊन आला, की दुसरी. पंखे दुरुस्त करणारे, पेटी वाजवणारे, पोरींना शिवण शिकवणारे, असे कितीतरी जण त्या दोन टाचण्यांनी शाळांशी बांधले गेले.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर नकाशे काढले. माझ्या चिठ्ठीवर तेच येईल, अशी माझी खात्री होती. रूथताईंनी लिहिले : 'सावकाश वाचतो.' मला ते लागले. उपासनेत एकदाच बायबलमधला शास्त्रपाठ वाचण्याची पाळी माझ्यावर आली होती, आणि भीतीने मी अडखळत, थांबत वाचला होता.

"ताई, तो गुण नव्हता. घाबरलो होतो मी."

"तू काहून थांबला, मले काय करायचं ते! तू थांबून थांबून वाचून राहिला होता, म्हणून तो पाठ मले या वयात पहिल्यांदा समजला. बेसाच्या शाळेत पोरं आहेत, त्याहिले भरभर वाचलेलं कळत नाही. देवानं दिलेलं पुरून ठेवायले नसते गा, सामू."

मी पुढच्या गुरुवारी जाईन म्हणालो. मग त्याच्या पुढच्या. गुडघा, पाहुणे, ऊन... कारणांना तोटा नव्हता. खरे कारण असे की, चाळीस मुलांसमोर पुन्हा तसेच अडखळण्याची मला भीती होती.

आजारी पडलेल्या रूथताईंना दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पहिलेच विचारले, "गेल्ता का गा शाळेत?"

मी म्हणालो, "हो."

"मंग, काय म्हणत होते पोरं?"

"छान... छान होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले. डबा उशाशीच होता. कोणी जाऊन आल्याचे कळताच हातातले काम टाकून दुसरी टाचणी लावणाऱ्या रूथताईंनी त्या दिवशी डबा मागितला नाही. त्या थकल्या होत्या, की त्यांना कळले होते? या प्रश्नापाशी मी रोज येतो आणि परत फिरतो. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकताना त्यांचे 'पुरून ठेवायले नसते' असे काही आठवले, की हात तसाच अधांतरी राहिला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मी बेसाला गेलो. पहिले पान मी अडखळतच वाचले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आजोबा, ते वाक्य अजून एकदा वाचा नं." मी वाचले. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग ती स्वतःशीच हसली... तिला समजले होते. हे सांगायला मी कोणाकडे जाणार होतो?

भाचीने तो डबा माझ्याकडे दिला आहे. त्यात माझी जोडी सापडली. एकाच टाचणीवर असल्याने पांढरी चिठ्ठी पिवळीवरून सारखी फिरते, तिरपी होते. टाचण्यांची डबी शेजारीच आहे, आणि आजवरच्या पाच गुरुवारांपैकी एकही मी चुकवलेला नाही. तरी दुसरी टाचणी मी लावलेली नाही. आपल्या चिठ्ठीला आपणच कशी लावायची? दर गुरुवारी परतल्यावर झाकण उघडतो, तिरपी झालेली चिठ्ठी सरळ करतो आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने सांगतो, "ताई, गेलो होतो."