चंद्रीचा निळा ड्रम

वांगणीच्या पलीकडच्या वाडीत जाऊन कुणालाही विचारा, चंद्री कोण? शाळेत खिचडी शिजवणारी, असं सांगून वर हसतील. स्वतः शिकायला कधी शाळेची पायरी चढली नाही, पण तिच्या हातचा घास न खाल्लेलं पोर वाडीत सापडायचं नाही. जिभेचीही तिखट. एकदा चौथीतला विकास ताटलीत बोट फिरवत म्हणाला, "आजे, आज वाटाणा पळाला काय गं?"

"पळाला न्हाय रं, तुझं तोंड बघून लपला!"

दुखणं एकच, पाण्याचं. विहीर खाली, शाळा वर. हंडे वाहून मान धरायची. शेवटी नवऱ्यानं, गोमानं, अंबरनाथच्या भंगारवाल्याकडून झाकणाचा निळा ड्रम आणला. वाडीत घरोघरी तसलेच ड्रम. कारखान्यात त्यात काय भरलं होतं, कोण विचारतंय? गोमानं ओढ्यावर राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. चंद्रीनं तो शाळेच्या पडवीत ठेवून गळ्यापर्यंत भरला आणि कधी नव्हे ती निवांत झोपली.

सकाळी तांदूळ धुताना पाणी बोटांना बुळबुळीत लागलं. राख राहिली असंल, तिनं मनाची समजूत घातली. फोडणीत हळद पडली, वर पाणी ओतलं, आणि पिवळा रंग, हळदीच्या डागाला साबण लागावा तसा, बघता बघता विटकरी झाला. शिजलेलं शीत तिनं जिभेवर ठेवलं. जीभ चरचरली. ती चुलीशेजारी थुंकली.

बाहेर ताटल्या वाजायला लागल्या. कितीतरी पोरं घरून उपाशीपोटीच आलेली. खिचडी ओतून द्यावी तर त्यांच्या पोटाला काय? आणि ड्रम आपलाच, हेही सांगावं लागणार. मग चुलीपुढची ही जागा कुठली राहायची?

"मावशी, झालं का? पोरं बसलीत," शिकवणाऱ्या तेजल बाई दारात आल्या.

चंद्रीनं पातेलं धरलं आणि मागच्या खड्ड्यात पालथं केलं.

"बाई, पोरांना वाढायचं न्हाय. पाण्यात कायतरी हाय. ड्रम माझा हाय, मीच आणलाय."

बाई रागावल्या नाहीत. त्यांचा चेहराच पांढरा पडला.

"मावशी, खेळून आल्यावर पोरं पाणी कुठलं प्यायली?"

चंद्रीनं पडवीकडं पाहिलं. ड्रमचं झाकण खाली पडलेलं. पहिलीतली रविना गळ्याला हात लावून उभी होती.

"आजे, घसा जळतोय गं."

चंद्रीनं तिला उचलून छातीशी धरलं. बाई दवाखान्याला फोन लावत अंगणात धावल्या. पण डोंगराआड रेंज कुठली? इतक्यात रांगेतलं आणखी एक पोर खोकू लागलं.